फुलसिंगमामांचा लाल कॉमा

मोजायला बसले की फुलसिंगमामा 'एक' म्हणत नसत. पहिल्याला ते 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. खळ्यावर पायलीनं ज्वारी मोजणारी जुनी माणसं म्हणतात तसं. फरक एवढाच, की मामांच्या पुढ्यात ज्वारीची रास नसे. दवाखान्याच्या जिन्याखालच्या अरुंद खोलीत, स्पिरिटच्या वासात, मायक्रोस्कोपला डोळा लावून ते माणसाच्या रक्तातल्या पेशी मोजत असत. डाव्या हाताशी दोन वाट्या, एकीत चिंचोके. दहा पेशी झाल्या की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मला बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं.

"यात कसला लाभ, मामा? पेशंट तापानं फणफणलाय," मी म्हणालो.

मामांनी डोळा न काढता डाव्या हाताचा तळवा वर केला. थांब, असा. मोजून झालं, वहीत आकडा लिहिला, आणि मग माझ्याकडे वळले.

"मोजताना मधात बोलू न्हाई. खळ्यावर कोनी बोलत न्हाई, मंग इथं काहून बोलून राहिले? अन् लाभ त्याचाच हाय. बराबर मोजलं तर त्याला बराबर औषीद भेटल."

फुलसिंग राठोड हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका खासगी दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करत. गाव आणि दवाखाना सांगत नाही, कारण डॉक्टर अजून पेशंट बघतात आणि या हकिगतीत सगळ्यात मोठा दोष त्यांचा नाही. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली होती. दवाखान्यानं कॉम्प्युटर घेतला आणि रिपोर्ट छापायचा प्रोग्राम लिहायचं काम मला मिळालं. माझ्याकडे डिप्लोमा होता, डिग्री नव्हती. तरी मामा मला पहिल्या दिवसापासून 'इंजिनेरसाहेब' म्हणत, आणि त्यात चेष्टा किती आणि मान किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अंगानं ते काटक होते. पांढरा सदरा, पायजमा, त्यावर दवाखान्याचा कोट. तो कधीकाळी पांढरा असावा. कोटाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळं लिहायला. लाल फक्त कॉमा द्यायला. रिपोर्टवर पेशींचा आकडा लिहून झाला की मामा लाल पेन काढत आणि उजवीकडून सुरुवात करून कॉमा देत: तीन घरं सोडून एक, मग दोन-दोन घरं सोडून पुढचे. कॉमा देताना ओठ हलत, 'हजाराचं घर, लाखाचं घर.' खाली शब्दांत लिहीत: अक्षरी दोन लाख दहा हजार. "आकडा घराघरानं वाचावा," ते म्हणत, "एकदम वाचाया गेलं की माणूस चुकतंय."

हे खूळ त्यांनी तांड्यावरून आणलं होतं. साखऱ्याजवळच्या तांड्यावर त्यांचं घर होतं. आजे-पणजे बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूख तुडवायचे. चहाच्या वेळी कधी लहर लागली तर मामा सांगत, की निघताना बैल आणि माणसं मोजायची, मुक्कामाला पोचलं की पुन्हा मोजायची. "आकडा चुकला म्हंजे कोनीतरी मागं राहिलं. मंग अंधार असो का पानी, माघारी जायाचं." हे सांगताना ते बशीतला चहा संपवत आणि बशी पालथी घालत. दुसरा चहा कोणी ओतू नये म्हणून.

प्रोग्राम पहिल्यांदा चालवला त्या दिवशी डॉक्टर, लता सिस्टर आणि मामा छपाईयंत्राभोवती उभे होते. लता सिस्टर जवळा बाजारची, नुकतीच लागलेली, रिपोर्टचे कागद सांभाळणं आणि फोन घेणं तिच्याकडे होतं. कागद खरखरत बाहेर आला. डॉक्टर खूश झाले. मामांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"लाखाचं घर कुठं हाय?"

त्यावर २१०,००० असं छापलं होतं.

आता हे असं का, ते सांगायला हवं. प्रोग्राम लिहिणारा सगळं स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे आणून जोडतो. त्यांना आम्ही लायब्ररी म्हणतो. आकडे छापायला मी अशीच एक फुकट मिळणारी लायब्ररी घेतली होती. तिला देश आणि भाषा सांगायची, की ती तिथल्या रिवाजाप्रमाणे आकडा मांडून द्यायची, कॉमा कुठे आणि टिंब कुठे ते ठरवून. यादीत आपला देश होता. पण ज्यानं कोणी तो भरला होता त्यानं साहेबाचंच माप आपल्याला लावलं होतं, तीन-तीन घरांचं. मला ते दिसलं होतं. दुरुस्त करायला लायब्ररीच्या आत शिरावं लागलं असतं, आणि तेवढा दम मला नव्हता.

"जगात असंच लिहितात मामा," मी म्हणालो.

"असल. पन ह्यो रिपोर्ट जगाला न्हाई द्यायचा. जवळ्याच्या लताला द्यायचा हाय."

लता हसली, डॉक्टरही हसले. मला ते लागलं. आज आठवलं तर वाटतं, त्या एका वाक्यात माझ्या सगळ्या धंद्याचं शहाणपण होतं. त्या दिवशी मात्र मला एवढंच कळलं, की जिन्याखालच्या माणसानं माझ्यावर हसवलं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. औंढ्याकडचा एक माणूस जहाजावर स्वयंपाकी होता. परदेशी बंदरात त्याचं रक्त तपासलं होतं आणि तो कागद घेऊन तो सुट्टीवर आला होता. त्यावर हिमोग्लोबिन ९,४ होतं आणि प्लेटलेट २१२.०००. डॉक्टर म्हणाले छपाईची चूक आहे, पुन्हा तपासा. बिचारा घाबरला. दोनशे बारा पेशींवर माणूस जिवंत कसा, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. मामांनी तो कागद दोन दिवस कोटाच्या खिशात वागवला. तिसऱ्या दिवशी कागद माझ्यापुढे ठेवला.

"चूक इतकी शिस्तीत होत नसती, इंजिनेरसाहेब. बगा, सगळ्या कागदावर टिंबाच्या जागी कॉमा हाय अन् कॉमाच्या जागी टिंब. तिकडची रीतच तशी असंल."

मी लायब्ररीची यादी उघडून पाहिली. त्या देशाची रीत खरोखर तशीच होती, नीट नोंदवलेली. मामांना दाखवलं. त्यांना लहान पोरासारखा आनंद झाला. त्यांनी मग एकेका देशाचं नाव विचारलं. कोणी टिंब देतं, कोणी कॉमा, कोणी नुसती मोकळी जागा सोडतं. बराच वेळ बघून झाल्यावर ते म्हणाले, "एवढ्या गावच्या रीती ह्यात मावल्या. आपलीच तेवढी न्हाई मावली व्हय?"

त्यांनी ते साधेपणानं विचारलं होतं. मी ते टोमणा म्हणून घेतलं. तरणं डोकं, त्यात दोनदा हार झालेली. त्या दुपारी मी प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली आणि कॉमाच काढून टाकले. आता आकडा सलग येणार होता, २१००००. "घ्या," मी मामांना म्हणालो, "आता ना त्यांचा कॉमा ना तुमचा. भांडणच मिटलं."

मामांनी खिशात हात घातला. लाल पेन काढलं आणि छापील रिपोर्टवर हातानं कॉमा द्यायला लागले. खाली पुन्हा अक्षरी. महिनाभर ते चाललं. मग डॉक्टरांनी एक दिवस त्यांना बोलावलं. एवढा खर्च करून छापील रिपोर्ट काढायचा आणि वर शाळेतल्या मास्तरसारख्या लाल खुणा, पेशंटला वाटतं काहीतरी चुकलंय. मी शेजारीच होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान डोलावली. हेही म्हणालो, की स्वच्छ कागद चांगला दिसतो.

दुसऱ्या दिवशी मामांच्या खिशात निळं पेन एकटंच होतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता तापाची साथ आली. डेंग्यू हा शब्द तोवर आमच्याकडे पेपरातच वाचलेला होता. साथीत मामा सकाळी आठला बसत ते दिवस कलेपर्यंत उठत नसत, चिंचोक्यांचा आवाज जिन्यापर्यंत येई. त्यात एक दिवस कुरुंद्याची एक मुलगी आली, बारावीतली. वडिलांची हळद होती, ते शेतातूनच तसेच आले होते, पायांना चिखल. मामांनी पेशी मोजल्या. अठरा भरल्या. गुणिले हजार. दीड लाखाच्या वर असायला हव्यात तिथे अठरा हजार.

डॉक्टर परभणीला लग्नाला गेले होते. मामांनी छापील रिपोर्ट लताच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्यो आदी. आत्ताच फोन लाव." आणि दुसऱ्या पेशंटचं रक्त काढायला वर गेले. लतानं लगेच फोन लावला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. छपाईयंत्राची रिबिन फिकी पडली होती, समोर वीस माणसं कलकलाट करत होती, फोनवर लग्नातला बँड ऐकू येत होता आणि कागदावर एक, आठ आणि पुढे शून्यांची ओळ होती. तिनं वाचलं एक लाख ऐंशी हजार. डॉक्टर म्हणाले चांगलंच आहे, सुट्टी द्या.

मामा वरच्या खिडकीपाशी होते. खाली जीपमध्ये मुलीला बसवताना त्यांना दिसलं. हातातली सुई ट्रेमध्ये टाकून ते जिना उतरले. मी दारातच होतो, मला त्यांनी बाजूला सारलं.

"कुठं निघाले?"

"सुट्टी भेटली," मुलीचे वडील म्हणाले. "पेशी चांगल्या हायत म्हनले. एक लाख ऐंशी हजार."

मामांचा चेहरा मी पहिल्यांदा असा पाहिला. पण त्यांनी आवाज चढवला नाही. "लेकराला खाली उतरवू नका," ते वडिलांना म्हणाले, आणि जीपवाल्याला, "नांदेडला घे." आणि कोटासकट स्वतः पुढच्या सीटवर बसले.

मुलगी वाचली. वाटेतच नाकातून रक्त सुरू झालं होतं. घरी गेली असती तर रात्र निघाली नसती, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. हे मला लतानं सांगितलं, मामांनी नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. लता रडून रडून सुजली होती. तिच्या पगारावर घरची चार माणसं होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टर आधी माझ्याकडे वळले.

"तुमच्या कॉम्प्युटरनं काय छापलं होतं?"

"अठरा हजार."

"म्हणजे आकडा बरोबर होता?"

"हो," मी म्हणालो. "आकडा बरोबर होता."

यातला शब्दही खोटा नव्हता. फक्त एवढंच सांगायचं राहिलं, की तो आकडा वाचायला अवघड मी केला होता, आणि तो रागानं केला होता. कॉमा मागणारा माणूस माझ्या शेजारी उभा होता. खुणा बंद करायला मान मी डोलावली होती. परभणीचे दोन दवाखाने माझा प्रोग्राम घेणार होते आणि त्यांच्याकडे शब्द डॉक्टर टाकणार होते. मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मी बोलेन म्हणून ते थोडं थांबले, मला नक्की माहीत आहे, दोन-तीन श्वास थांबले. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले,

"रिपोर्टवर सही माझी हाय, साहेब. तोंडानं सांगाया पायजे व्हतं, ते मी सांगितलं न्हाई. पोरीला काई बोलू नका."

महिना संपल्यावर त्यांना सांगितलं गेलं, की आता पेशी मोजायचं मशीन येणार आहे. चिंचोक्यांच्या वाट्या त्यांनी धुऊन पालथ्या घालून ठेवल्या आणि लुना ढकलत फाटकापर्यंत नेली, कारण आवारात गाडी चालू करायची नाही हा नियम त्यांनी पंधरा-वीस वर्षं पाळला होता. जाताना मला म्हणाले, "येतो, इंजिनेरसाहेब. काई तकलीफ झाली असंल तर मनात ठेवू नका." मी म्हणालो, "छे, छे." एवढंच.

हळद निघाल्यावर त्या मुलीचे वडील आले. डोक्यावर पोतं. जिन्याखाली नवा मुलगा मशीनपुढे बसला होता, त्यानं हात हलवला. मी नेमका काहीतरी दुरुस्तीला आलो होतो.

"राठोडमामा कुठं हायत?"

"ते आता येत नाहीत."

"काहून?"

"वय झालं होतं," मी म्हणालो.

त्यांनी खाली ठेवलेलं पोतं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि ते गेले. मामांचं वय तेव्हा चौपन्न होतं. माझं खोटं बोलणं ते एवढंच, पण केबिनमधल्या खऱ्यापेक्षा ते मला कमी बोचतं.

परभणीची कामं मिळाली. त्यावरून पुण्याची नोकरी मिळाली. आणि योग असा, की पुण्यात पुन्हा तीच लायब्ररी समोर आली. आता ती मोठी झाली होती. कोणीही दुरुस्ती पाठवावी, चालवणारे लोक तपासून घेत. आपला देश तसाच होता, तीन-तीन घरांचा. मी आत शिरलो. पहिला कॉमा तीन घरांवर, पुढचे दोन-दोनवर, आणि मराठीसाठी मराठी आकडे. चालवणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, असं कोण लिहितं, आणि हे चुकलं तर बिघडतं काय? मी त्याला लांबलचक पत्र लिहिलं. पुस्तकांचे दाखले दिले, नोटांचे दिले, शाळेच्या पाट्यांचे दिले. कुरुंद्याच्या मुलीचं लिहिलं नाही. दुरुस्ती घेतली गेली. सगळी मिळून चाळीस ओळीही नव्हत्या. दवाखान्यात असताना मी एका दुपारी लिहू शकलो असतो. ज्या दुपारी कॉमे काढले त्याच दुपारी.

त्या दिवाळीनंतर मी साखऱ्याला गेलो. बरोबर एक कागद होता, लायब्ररीनं छापलेल्या आकड्यांचा, ओळीनं. हजारापासून कोटीपर्यंत, सगळी घरं बरोबर पडलेली. मनात दुसरंच होतं. जीपवाल्याला रस्त्यावर थांबायला सांगून तांड्यावर चालत गेलो.

मामा अंगणात उडीद मोजत होते. पुढे रास, हातात पायली, आणि त्यांची बायको पोत्याचं तोंड धरून उभी. पाठमोरे होते. मला इतकी घाई झाली होती, की मी लांबूनच हाक मारली.

"मामा!"

त्यांचा डावा तळवा वर झाला, पण उशिरा झाला. ते वळले. डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला होता. माझा चेहरा शोधत थोडे थांबले.

"इंजिनेरसाहेब व्हय?"

मी कागद पुढे केला. त्यांनी लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "डोळ्याचं आता खरं न्हाई. तुमीच सांगा काय हाय." मी वाचून दाखवलं. अठरा हजार. एक लाख ऐंशी हजार. "कॉमा कुठं हाय?" त्यांनी विचारलं. मी त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं. हा हजाराचा, हा लाखाचा. बोटाला उडदाची धूळ होती, ती कागदावर उमटली.

"बराबर," मामा म्हणाले. "आता जगात कुठंबी असाच निघंल?"

"हो मामा. मराठीत मागितला की असाच."

"चांगलं केलं. कोनाच्या तरी कामी यील."

यानंतर बोलायचं होतं ते मी पुण्यापासून पाठ करत आलो होतो. "मामा," मी म्हणालो, "त्या दिवशी केबिनमध्ये मी..."

पण ते बायकोकडे वळले होते. "सतरा झाल्या व्हत्या का अठरा?" तिला आठवेना. माझ्या हाकेनं तिचंही लक्ष उडालं होतं. मामांनी क्षणभर विचार केला आणि भरलेलं पोतं चादरीवर सगळं ओतून दिलं. राग नाही, सुस्कारा नाही. पायली भरली, काठ हातानं सपाट केला. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा त्यांचा डावा तळवा वर आलेला होता.

"लाभ," मामा म्हणाले.

मी माफी मागायला गेलो होतो आणि कॉमा दाखवून आलो. रस्त्यावरून जीपचा हॉर्न वाजला तेव्हा ते नऊवर होते, आणि तळवा अजून वरच होता.